सभासद क्रमांक १४०७

गोळीबार चौकातून टिमकीकडे वळलं की
छापखान्याच्या वर दीड खोली होती आमची.
खाली लग्नपत्रिका छापायचे,
वर आम्ही माणसं चाळायचो.

बोर्ड नाही, झेंडा नाही.
विणकर महासंघाच्या अध्यक्षपदाचे उमेदवार पराते
हा जिना कधीच चढले नाहीत. तशीच वहिवाट असते.
ते हार घालून घेत हिंडायचे इतवारीभर,
आणि आम्ही, तर्रीचे लाल डाग पडलेल्या यादीवरून
हेडाऊंच्या आयुष्यात वाकून बघायचो:
कुठला हप्ता थकला, कुठल्या ठरावावरची सही डगमगली,
बायकोच्या नावावर बेशाकडे प्लॉट आहे का,
मुलगी पुण्यात कोणाबरोबर राहते.
हे शेवटचं मी शोधलं. वापरू नका, म्हटलं.
बारापात्रे म्हणाले, "ठेवून घेऊ."
ठेवून घेतलेल्या गोष्टींचं
एक अख्खं कपाट होतं तिथं, किल्ली त्यांच्या जानव्याला.

बाकी काही सापडेना. मोरेश्वर हेडाऊ म्हणजे
घडीसुद्धा न मोडलेला माणूस.
तेव्हा बारापात्र्यांनी चष्मा कपाळावर चढवला:
"काई सापडत नसंन,
त त्याच्याच नावाचा दुसरा सापडव."

दोन हजार सहाशे चौदा नावं.
तिसऱ्या रात्री, कूलरचं पाणी संपून नुसतं ऊन फेकत असताना
बोट थांबलं. १४०७. हेडाऊ मोरेश्वर.
वडिलांचं नाव वेगळं.
पण मतपत्रिकेवर बाप कोण वाचतो?

माग भंगारात विकून आठ वर्षं झालेली.
उन्हाळ्यात कूलरला वाळ्याच्या ताट्या बसवायचा,
हिवाळ्यात काय करायचा, ते मी विचारलं नाही.
फॉर्म, अनामत, सूचक, अनुमोदक, सगळं आमचं.
सही तेवढी त्याची. ती त्यानं कोऱ्या कागदावर
आधी दोनदा करून पाहिली.
हेडाऊंना छत्री मिळाली,
आम्ही मागून घेतला टेबललॅम्प.
काळ्या शाईत, घाईत, मोतीबिंदूच्या डोळ्याला
दोन्ही एकच.

ठरलं होतं, त्यानं घरी बसायचं.
पाचव्या दिवशी पाचपावलीतून बारापात्र्यांना फोन:
"तुमचा माणूस हिंडून रायला ना बाप्पा, घरोघर!"
खरंच हिंडत होता.
सायकलच्या हँडलला कुणाचा तरी टेबललॅम्प सुतळीनं बांधून,
वायर मागे लोंबत,
सुताचा भाव, बंद पडलेलं रंगघर,
म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे अडकलेले कागद,
असं काहीबाही बोलत.
बारापात्रे ठसका लागेपर्यंत हसले.
मग डोळे पुसून म्हणाले, "हिंडू दे. फायद्याचंच हाय."
मी हसले का? हसले असेन.

पराते नऊशे बासष्ट.
छत्री नऊशे एक.
टेबललॅम्प दोनशे चौदा.

खाली गुलाल उधळला,
तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आला.
वर आम्ही कागद फाडत होतो, लांबीत, मग रुंदीत.
कपाट मात्र रिकामं केलं नाही कोणी.

मे महिन्यात ताट्या बदलायला मी त्यालाच बोलावलं.
का, ते अजून धड सांगता येत नाही.
खिडकीबाहेर स्टुलावर उभा राहून
मागच्या वर्षीचा काळा पडलेला वाळा ओरबाडत,
माझ्याकडे न बघता तो म्हणाला,
"म्याडम, ते दोनशे चौदा.
त्यातले चुकून किती, अन् माझे किती?
काढता येईन का ते?"

मला गल्लीगल्लीचा आकडा पाठ होता तेव्हा.
कोणत्या घरात किती मतं, कोण आंधळं, कोण रुसलेलं,
सासू एकीकडे आणि सून दुसरीकडे, तेही.

मी मोटर सुरू केली.
पाणी वरपर्यंत चढायला वेळ लागतो.
मग वास आला, घरभर.
तो हात पुसत म्हणाला, "दीडशे द्या."
मी दोनशे पुढे केले, राहू द्या म्हटलं.
त्यानं पन्नास परत ठेवले टेबलावर.
दहाच्या पाच. मोजून.