ओळखीची खूण

दोंडाईचात मिरचीच्या दिवसांत
पहाटे साडेचारला पळणं म्हणजे ठसक्याशी शर्यत.
पथारीच्या कडेने जाताना
मी तोंडाला रुमाल बांधतो.
रुमाल बांधून अंधारात पळणारा पोरगा
लोकांना कोण वाटतो, हे मला पक्कं माहीत;
म्हणून प्रवेशपत्राची झेरॉक्स खिशात,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, घामाने भिजू नये अशी.
आजवर तीनदा दाखवावी लागली.

गोळा झाला. शंभर मीटर झालं.
सोळाशे, धुळ्याच्या मैदानावर, पाच मिनिटं आठ सेकंद.
लेखी झाली, यादीत नाव लागलं,
बोरसे मामांनी गल्लीत पेढे वाटले स्वतःच्या पैशाने,
आणि मग आला साक्षांकन नमुना.
नाव: हंसराज भटू सैंदाणे.
उंची: एकशे एकोणसत्तर.
ओळखीची खूण:
डाव्या तळहातावर भाजल्याचा डाग.

हे लिहिताना पेन थांबला नाही.
थांबला तो दोन ओळी खाली:
आपणास कधी अटक झाली होती काय?

पंधरा वर्षं चार महिने. नदीचं कोरडं पात्र.
मळ्यातल्या मोटारींची केबल, अठरा किलो,
आम्ही तिघं, एक टायर, एक काडेपेटी.
तांबं लवकर लाल होत नाही,
आधी वरचं प्लॅस्टिक ठिबकतं, पेटलेलं, थेंब थेंब,
आणि वास असा की तीन शिवारांना कळावं.
भंगारवाला किलोला साडेतीनशे देणार होता.
फीचे पैसे नव्हते, आईचं औषध नव्हतं,
असलं काही नाही.
खोटं कशाला सांगू, मोबाइल हवा होता.

निरीक्षणगृहात एकोणीस दिवस.
मंडळाच्या मॅडम म्हणाल्या होत्या,
हा कागद तुझ्या मागे येणार नाही, नष्ट होईल.
वकील म्हणतो, कायद्यानं तू कोरा.
कार्यालयातला बाबू म्हणतो, लपवलं तर बाद,
सांगितलं तर बघू.
आणि कोरा तो कसला कोरा,
ज्याची खूण वरच्याच रकान्यात
माझ्याच अक्षरात?

आई देठ खुडून आली होती.
रात्री ताकाच्या पातेल्यात हात बुडवून बसते ती.
न बघताच म्हणाली,
"मना हात रोज बयतस, कोन्ही पुसस का?
लिखी टाक. जे व्हयनं ते व्हयनं."
मी लिहिलं, होय.
सोबत खुलासा जोडला आहे.
खुलासा दीड पान. मोबाइलचंही लिहिलं.

पडताळणीला आले बैसाणे हवालदार.
तेच. पोट सुटलेलं, निवृत्तीला आठ महिने.
शेजारी विचारलं, पोरगा कसा आहे?
लोक म्हणाले, पहाटे कुत्री भुंकवतो, बाकी काही नाही.
खाटेवर बसून चहा घेतला, बशीत ओतून.
मग माझा हात मागितला.
तळवा उघडून बराच वेळ बघत राहिले,
ज्योतिषालाही नसते एवढी सवड.
"सोळाशे किती?"
पाच आठ.
ते हसले, की ठसका लागला, कळलं नाही;
वारा पथारीकडून होता.
"त्या रात्री असा पळाला असता
तर मला घावला नसता."

शेरा काय लिहिला ते दाखवलं नाही,
मीही मान लांबवली नाही.
त्यांनी गाडीला दोनदा किक मारली,
तिसऱ्यांदा लागली.

सात आठवडे झाले. आदेश नाही.
झेरॉक्स घडीवर फाटली, चिकटपट्टी लावून घेतली.
पहाटे साडेचार. रुमाल.
पथारीच्या टोकाला नवा राखणदार
तोंडावर बॅटरी मारतो,
"कोन शे रे?"
मी नाव सांगतो, पूर्ण, वडिलांसकट,
न थांबता.