अनुस्वार

एकतीस वर्षं मी पुठ्ठ्याला भोकं पाडली.
चादरीवर मोर हवा असेल
तर तो आधी माझ्याकडे यायचा, भोकं भोकं होऊन.
जिथं भोक, तिथं जकार्डची सुई आत जाते
आणि धागा वर उचलला जातो.
जिथं नाही, तिथं नाही.
एवढीच विद्या. बाकी सातवी पास, नगरपालिकेची शाळा.
घरात तेलुगू, गल्लीत कन्नड,
वहीत मराठी, का कुणास ठाऊक.

वह्या सहा झाल्या, बारा वर्षांत.
कादंबरी म्हणायला जीभ अजून अडते,
घरात 'ते लिखाण' म्हणतो.
गंगव्वा नावाची एक बाई आहे तीत.
गिरणी बंद पडली, भोंगा थांबला,
तरी तिची भाकरी त्याच मिनिटाला तव्यावर पडते.
बस्स, एवढंच आहे. दोनशे बारा पानं.

पुण्याला कुणाकडे पाठवली नाही.
धीर नव्हता म्हणून नाही.
नको वाटलं.

गड्ड्याची जत्रा उरकली आणि हिरेमठांकडे गेलो.
लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, पतसंस्थेचे अहवाल,
त्या ढिगात माझ्या सहा वह्या.
"किती प्रती?" "दोनशे."
"खपतील?" "नाही."
हिरेमठांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.
"किंमत तरी टाका. नाहीतर लोक रद्दी समजतात."
म्हटलं, ती जागा मोकळी ठेवा.

टाइप करणारी पोरगी, रुखसार.
दिवसाला आठ पानं, एका हाताशी चहा.
पान एकशे चाळीसला तिचा फोन आला:
"काका, गंगव्वा मेली कशी?
मागच्या पानावर तर बाजाराला निघालेली."
म्हटलं, तशीच मेली बाळा. माणसं जातात तशी.
पलीकडे काही वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"थोडं थांबून मारायचं होतं हो," ती म्हणाली.
त्या रात्री मला झोप नाही.
बक्षीस लागल्यासारखं झालं होतं.

नागमणीनं विड्यांचं सूप बाजूला सारलं.
"तेवढ्या पैशात वरच्या खोलीवर पत्रे पडले असते."
खरं आहे.
मग दोरा दातानं तोडता तोडता,
"यात मी आहे का?"
पान छप्पन, म्हटलं.
तिनं बोटानं ओळ ओळ लावत वाचलं, बराच वेळ.
"मी असं बोलत नाही," म्हणाली,
आणि पुस्तक परत दिलं नाही.

थोरला आला सुट्टीला, गठ्ठे पाहिले, विचारलं,
"किती सुटले अण्णा?"
पोरगा बँकेत आहे, त्याला हिशेब लागतो.
त्याला काय सांगणार कोण सुटलं ते.

वाटल्या साठेक. कारखान्यातल्या जुन्या जॉबरला,
दवाखान्यातल्या कंपाउंडरला, वाचनालयाला दोन.
अशोक चौकातला सलूनवाला गिऱ्हाइकांना वाचायला देतो,
पान तेराच्या पुढं कुणी जात नाही म्हणाला,
तेरापर्यंत दाढी होते.

आणि परवा सापडलं.
पान एकाहत्तर, ओळ नववी: गगव्वा.
सहा वेळा तपासलेलं पान.
रुखसारला सांगितलं नाही, पोरगी जीवाला लावून घेईल.

आज पाण्याचा दिवस. पहाटे साडेतीनला नळ येणार,
कुणीतरी जागं राहायचंच होतं.
शेजारचा माग चालू आहे, खटक खटक.
राहिलेल्या प्रती मांडीशी घेऊन बसलोय.
पान एकाहत्तर उघडायचं,
काळ्या शाईचं पेन, पहिल्या ग च्या डोक्यावर
एक टिंब.
फुंकर. वाळू द्यायचं. पुढची प्रत.

हात आपोआप जोर लावतो, जुनी सवय.
दोन-तीन प्रतींत कागद आरपार गेला.
जाऊ दे.
चौऱ्याण्णव झाल्या. नळ अजून आला नाही.