कोणीही

पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी
सयाजीगंजात, हसुमतीबेनच्या झेरॉक्सच्या दुकानात
मी टेप घेऊन शिरले.
माहूरकर सर रिक्षातच बसून राहिले.
त्यांचा परवाना एकतीस जुलैला संपला,
नूतनीकरणाचा अर्ज कुठल्याशा टेबलावर.
माझा तर अजून जन्मायचाय:
बारा महिन्यांच्या उमेदवारीतले नऊ भरलेत,
मग परीक्षा, मग शुल्क, मग वाट.
म्हणजे त्या रिक्षात
चौतीस वर्षांची नजर होती
आणि चालेल अशी एकही सही नव्हती.

नियम सर पाठ म्हणायला लावत.
लाखाच्या वरचं नुकसान: परवानाधारक सर्वेक्षक.
लाखाच्या आतलं: कंपनी नेमेल तो,
कोणीही.
"हा शब्द नीट ऐक. आख्ख्या नियमावलीत
सध्या तुला एवढीच खुर्ची आहे."
कंपनीच्या पत्रात ती खुर्ची मांडलेली होती:
कु. शर्वरी दिघे. अंदाजे नुकसान ऐंशी हजार.

विश्वामित्रीनं मात्र अंदाज वाचला नव्हता.

मोजत गेले.
कागदाची एकवीस रिमं, पावासारखी फुगलेली.
टोनर. पुठ्ठे. बिल फाडायचं बुक, ज्यातलं काहीच फाटेना.
कोणा पोराच्या प्रबंधाच्या पाच प्रती,
न्यायला तो आलाच नव्हता.
लिहिलं: तयार माल, पाच नग.
मोठ्या यंत्राच्या काचेखाली अजून पाणी,
गवंड्याच्या नळीत हलतं तसं
इकडून तिकडे, बरोबर पातळी दाखवत.
बेरीज अठ्ठ्याण्णव हजार दोनशे.

आणि कोपऱ्यात लॅमिनेशनचं मशीन उरलं होतं.

"ए ना लखता, बेन."
हसुमतीबेनला नियम माहीत नव्हते, हिशेब येत होता.
लिहिलं तर लाख ओलांडणार,
ओलांडलं तर अहमदाबादहून परवानेवाला,
आणि अर्धं शहर त्याच्या यादीत तिच्या आधी.
"चौद हजारनुं छे. जवा दो."
तिनं त्यावर टॉवेल टाकला.
मढ्यावर टाकतात तसा, असं लिहिणार होते.
नाही. ताक झाकतात तसा.

मी रिक्षापाशी गेले. सगळं सांगितलं.
"मला काय विचारतेस? मी बिनपरवान्याचा माणूस,"
सर म्हणाले, चष्मा पुसत राहिले.
मग बऱ्याच वेळानं:
"टॉवेलचा विमा उतरवलाय का तिनं?"

परत गेले. टॉवेल उचलला. घडी करून ठेवला.
लॅमिनेशन यंत्र, एक, बंद.
एकूण एक लाख बारा हजार दोनशे.
खाली लिहिलं: हे नुकसान ठरवण्याचा मला अधिकार नाही.
आणि सही केली,
जिची आता काहीच किंमत नव्हती.
शेगडीवर चहा होता. तो तिनं उतरवून ठेवला,
गाळला नाही.

परवानेवाला सव्विसाव्या दिवशी आला.
तोवर भिंतींना चुना लागलेला, नवरात्र तोंडावर,
दुकान एका भाड्याच्या मशीनवर घरघरत होतं.
"पाणी कुठवर होतं?"
भिंत काही बोलेना.
माझ्या फोटोंत रेघ होती,
टेपवरचे आकडे चिखलानं खाल्लेले.
मी दाराशी उभी, कागदोपत्री कोणीच नसलेली.

त्या दिवशी टेप सोडण्याआधी
मी रेघेला खेटून उभी राहिले होते, उगीच,
लहानपणी दाराच्या चौकटीला राहायचे तशी.
कुडत्याचं तिसरं बटण.
तिथं बोट ठेवलं.
फितीचं वरचं टोक मीच धरलं,
खालचं त्यानं माझ्या चपलेशी, जरा अवघडून.
चप्पल काढायला लावली.
एकशे सोळा सेंटिमीटर, त्यानं लिहिलं.
"कोणी दाखवलं म्हणून लिहू?"

हसुमतीबेननं माझ्याकडे न बघता
चहा गाळला.
तीन कप. मग बाहेर रिक्षाकडे डोकावून
चौथा.