भूतबंगल्याची वही

जालन्याच्या छावणीत, जिथं आता भंगाराचं गोदाम आहे,
तिथं म्हणे गोरे साहेब मधोमध मुंडकं ठेवून बसत,
नव्या गड्याला बोकडावर बसवत
आणि कुणी गुपित फोडलं की भिंतीवरची त्याची तसबीर
डोळे मिटायची.

लिंबाजी चौकीदार हे सांगायचा,
आम्ही लेकरं कुंडलिकेच्या अलीकडूनच माघारी.

पुढं नगरपालिकेच्या दप्तरात चिकटलो.
एक वही निघाली, कडा वाळवीनं खाल्लेल्या.
मेणबत्त्या दोन डझन.
मटण चार शेर.
तलवार एक, लाकडी, मूठ सैल.
धर्मयुद्धातल्या सरदारांचे पांढरे झगे सहा,
शिलाई मैनोद्दीन दर्जी, कदीम जालना,
साडेतीन रुपये हाली,
बाकी.
सार्जंटाच्या विधवेला दरमहा पाच.

मुंडकं कुठंच नाही.
बोकड होता, पण तो मटणाच्या ओळीत.

लिंबाजीला गाठून म्हणलं, काका, हे असं निघालं.
तो बोळक्यानं हसला.
"मागं सीताफळाची बाग होती ना, बापू.
खरं सांगितलं असतं
तर एक फळ राहू दिलं असतं का तुम्ही?"

वहीत एक पान मात्र कोरं आहे.
वर तारीख, खाली अकरा सह्या,
मधे काहीच नाही.

शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
ते मुंडकं पुन्हा समोर येऊन बसलं,
लिंबाजीच्या आवाजात बोलायला लागलं.

"माहीत नाही" एवढं लिहायला
मला अख्खी दुपार लागली.