शंभर दाणे

बातमी आली दुपारी, मंत्रालयाच्या व्हॉट्सॲप गटावर,
कागदाचा तिरका फोटो, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा.
टोवेराने दोनदा वाचली
आणि काचेपलीकडून माझ्याकडे बघितलं,
वीज गेली की बघते तसं.

हिवतापावर लस. परिणामकारकता चाळीस टक्के.
एवढंच वाक्य.
बाकी तीन ओळी मंत्र्यांच्या पदव्या.

रुम्फीच्या डोंगरावर आमचं केंद्र :
एक खोली, एक मनोरा,
भिंतींना ठोकलेले अंड्यांचे ट्रे.
खाली जिथं जिथं रेडिओ आहे
तिथं आमच्या शब्दावर लोक पोरं निजवतात.
भीती त्याचीच.

टक्के कसे सांगायचे तुंबुकात?
'निम्म्याहून कमी' म्हणावं,
तर लोक म्हणणार अर्धंकच्चं औषध, दुसऱ्यांनी टाकलेलं.
'गुणकारी' म्हणावं, तर पहिल्या तापालाच
लस खोटी, दवाखाना खोटा, आम्ही तर खोटेच.
"सुझगो, थोडंसंच खरं असलेलं
पूर्ण खरं करून कसं सांगतात रे?"
मी आवाजाचा माणूस.
मला विचारून काय उपयोग.

संध्याकाळी ती रखवालदार म्कांडाविरेकडून
मक्याचे दाणे घेऊन आली. उसने. मोजून शंभर.
पत्र्याचा डबा माइकपाशी ठेवला
आणि एकेक टाकू लागली.
टण्.
टण्.
चार मिनिटं प्रक्षेपणात दुसरं काही नाही.
कुणी चूल फुंकायची थांबली असेल,
कुणी सायकल.

"हे शंभर ताप. या पावसाळ्यात आपल्या पोरांना येणारे."
मग डब्यातून चाळीस उचलले, मुठीत घेतले.
"लस टोचली, तर हे येणार नाहीत.
डब्यातले येतील.
म्हणून मच्छरदाणी सोडायची नाही."
आणि डबा हलवला. साठ दाण्यांचा आवाज
शंभरांपेक्षा हलका असतो,
हे मला त्या दिवशी कळलं.

म्झोकोतोहून एक फोन.
"माझ्या वेझीचा ताप कुठला?
मुठीतला, की डब्यातला?"

टोवेरा गप्प.
आमच्याकडे नियम आहे : दहा सेकंद शांतता
म्हणजे बिघाड, नोंदवहीत लिहायचा.
अकरा. बारा. मी वहीला हात लावला नाही.
"वेझीच्या आई, ज्यांनी मोजलं
त्यांनाही ते ठाऊक नाही."
पलीकडे एक कोंबडी ओरडली.
"बरं. मग मंगळवारी घेऊन जाते तिला."

मंगळवारी दवाखान्यात बाकं पुरली नाहीत.
पहिला डोस, दुसरा, तिसरा.
चौथा वर्षानं.

वर्षानं दुसरा फोटो आला, सरळ काढलेला.
कुठल्याशा थंड देशात निवडणूक झाली होती,
तिथल्या एका तक्त्यातला एक रकाना मिटला होता.
कार्यक्रमाची फेररचना.
चौथा डोस पुढील सूचनेपर्यंत नाही.
हे वाचताना टोवेराला कुठंच अडखळावं लागलं नाही.
'पुढील सूचनेपर्यंत' आमच्या भाषेत
केव्हाचं मुरलेलं आहे.

फोन वाजला. तोच आवाज.
"मूठ की डबा ते राहू दे आता.
डबा कुणाच्या हातात आहे, ते सांग."

टोवेराने तिला थांबवून ठेवलं
आणि दुसऱ्या फोनवरून राजधानी लावली.
तिकडे कीबोर्डची एक धून,
मधे मधे एक बाई :
आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

मी आवाजाचा माणूस.
बाकीची सगळी बटणं खाली केली, ते एक वर.
वीस मिनिटं ती धून डोंगराखाली गेली,
घरोघर, निजलेल्या पोरांवरून.

नोंदवहीत लिहिलं : बिघाड नाही.