नाव तीनदा

गेल्या साली आमच्याकडं दोन कंपन्या होत्या.
दोन बिलं, दोन मॅनेजर,
दिवाळीला दोन कॅलेंडरं.
मी आणि रेवणसिद्ध छाती काढून सांगायचो गिऱ्हाइकांना,
एक गेली तर दुसरी आहे,
उदगिरात असं कुणाकडंच नाही.

मग नळेगाव रोडला गटारीचं काम निघालं.
जेसीबीवाल्यानं एकच बकेट मारली
सकाळी अकरा दहाला
आणि दोन्ही दिवे एकदम लाल.

खाजाभाई खड्ड्यात उतरला.
चिखलातनं दोन टोकं वर धरली त्यानं,
एक काळं, एक नारिंगी,
बाजारात मुळ्याची जुडी दाखवावी तशी,
आणि म्हणाला, दोनो एकीच नाली में सोये थे, भाई.
दोन्ही कंपन्यांनी
एकाच कंत्राटदाराची चारी भाड्यानं घेतलेली.

अकराशे घरं.
फोन धरून धरून कान तापला.
स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख होती,
चौबाऱ्याजवळच्या रझियाआपाचा मुलगा
दम्मामहून बोलता बोलता तोंड उघडं ठेवून गोठला होता.
तसाच आहे अजून, म्हणाली ती, बंद करू का?
मी काय सांगणार.

म्हणून यंदा दुसरी वाट मुद्दाम उलट्या दिशेनं आणली.
कमलनगरावरून, बिदरकडून,
रुळांच्या कडेकडेनं, हद्दीचा दगड मागं टाकून.
शेवटचे नऊ किलोमीटर मी पायी चाललो,
प्रत्येक मोरीपाशी वाकून बघत
की आत आधीच कुणी झोपलंय का.

आता आम्हाला आमचा नंबर मिळालाय.
कुणाच्या पोटातला नाही, आमचा.
त्याचं काम एवढंच
की दोन्ही शेजाऱ्यांना सांगत राहायचं,
ही घरं माझ्याकडं आहेत, माझ्यातून या.
लातूर ते पुढं सांगतं, बिदर पुढं सांगतं,
आणि कुठंतरी एखादं यंत्र,
ज्यानं उदगीर कधी बघितलं नाही, बघणारही नाही,
दोन्ही निरोप मोजतं
आणि जवळचा धरतं.

बिदरची लाईन महाग. तिकडून रोजची गर्दी नको.
त्याला एक युक्ती आहे, मला फार आवडते ती:
तिकडं सांगताना आपलंच नाव तीनदा घ्यायचं.
मी, मी, मी.
ऐकणाऱ्याला वाटतं, मधे तीन गावं आहेत,
वाट लांबची,
आणि तो लातूरकडून येतो.
आमचे मोठे काका असेच.
स्वतःचं नाव इतक्यांदा घ्यायचे
की माणसं मागच्या गल्लीनं जायची.

काल रात्री पावणेतीनला लातूरची तार मीच उपटली.
फोनवर बिदरची शरणम्मा.
तिला मराठी थोडकी, मला कानडी त्याहून थोडकी,
जो शब्द इकडून येईना तो तिकडून आणायचो,
उरलंसुरलं हिंदीत.
दहा सेकंद. वीस.
रेवणसिद्धनं अंगठ्याचं नख संपवलं.
चाळीस.
ती काही बोलेना, नुसता तिच्या खोलीतला पंखा ऐकू यायचा.
मग म्हणाली, बंतु. बंतु नोड्री.

तिन्ही मोबाईल टेबलावर उताणे ठेवून बसलो,
आता कोण कावतंय बघू म्हणून.
खाजाभाईनं थर्मासमधला चहा ओतला, गार झाला होता.
एकही वाजला नाही.
कुणी जागं होतं, गेम खेळत होतं, पिक्चर बघत होतं,
दम्मामला कुणाचं तोंड मिटत होतं, उघडत होतं,
आणि त्यांच्याखालून वाट
राज्य बदलून गेली होती.

साडेतीनला वाजला.
तिघंही दचकलो.
माझी बायको.
पुढच्या दाराला आतनं कडी घातलीय, म्हणाली,
मागनं ये.