तीन नंबर

वंटमुरीच्या घाटात पद्मिनी पहिल्या गियरच्या वर येईना.
टपावर चार भोंगे, डिकीत अॅम्प्लिफायर,
हत्तरगीत साडेसहाची हळद,
आणि मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारत
मला ओलांडून गेला.
ट्रॅक्टर. मला.
साडेआठला पोचलो तेव्हा हळद लागून वाळली होती.

सकाळी गार असताना शहाण्यासारखी निघते.
तापली की धाप.
शहापूरच्या मिस्त्रीनं प्लग बदलले,
कॅम्पातल्यानं पॉइंट, कंडेन्सर, कॉइल,
तिसरा म्हणाला, विकून टाका.
पैसे तिघांनीही घेतले.

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागं, पत्र्याखाली
भरमाण्णा मुतगेकर.
"काय होतंय?"
"चालतीय, खरं ओढत नाही."
आमच्यात 'पण' म्हणायचं तिथं 'खरं' म्हणतात.
पुण्याचा मेव्हणा दर वेळी दचकतो,
चालतीय हे खोटं होतं काय मग?
भरमाण्णा दचकला नाही.
'खरं'च्या पुढचं तेवढं ऐकून घेतलं त्यानं.

आधी इंजिन तापू दिलं.
मग एकेका प्लगची वायर उपसली.
पहिली काढली, इंजिन लंगडलं. लावली.
दुसरी, चौथी, तसंच.
तिसरी काढली
आणि काहीच झालं नाही.
पंगतीला न आलेल्याचं पान उचलावं तसं.

मी जन्मभर माईकसमोर मोजत आलोय,
येळ्ळूरला एक, दोन, तीन,
पाच्छापूरला ओंदु, एरडु, मूरु.
इंजिनाची मोजणी वेगळी: एक, तीन, चार, दोन.
आणि ही म्हणत होती
एक,      चार, दोन,
एक,      चार, दोन,
एवढे महिने, माझ्या बुडाखाली.
वर धंदा माझा आवाजाचा!

ठिणगी निळी. पेट्रोल येतंय.
गेज लावला. बाकीचे एकशेवीसच्या आसपास,
तीन नंबर पंचावन्न.
भोकातून चमचाभर ऑइल सोडलं, पुन्हा पंचावन्न.
"रिंगा नव्हंत," असं स्वतःलाच म्हणाला.
मग माझ्याच खिशातलं हँडबिल मागून घेतलं,
एका अंगाला लग्न, बारसं, वाढदिवस,
पाठीमागं तेच कन्नडात,
आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरलं.
फडफड, फडफड, फडफड,
आणि मधेच कागद आत ओढला गेला.
टाकलेला श्वास ती परत गिळत होती.

"टॅपेट कुणी आवळले?"

मी फौंड्रीच्या धुराकडं बघत राहिलो.
गेल्या शिमग्यात मीच सांगितलेलं,
तेवढी टकटक बंद कर बाबा, कानाला खुपतीय.
बंद झाली. गाडी एकदम सभ्य.
गल्लीतले विचारायचे, नवी घेतलीस काय?

"फट ठेवली की वाजतंय. वाजतंय ते मिटतंय.
तुमी गप्प केलासा. तापलं की उघडंच राहतंय,
जळंल नाहीतर काय?"

हेड उतरवलं. वॉल्व्हची कड
उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी.
नवा कोल्हापूरहून यायला चार दिवस लागले.
पाचव्या दिवशी दस्तगीर, भरमाण्णाचा पोऱ्या,
लाकडी दांडी तळव्यांत धरून
रवी घुसळावी तसा सीट घासत बसला,
मधेमधे बोट फिरवून बघत.
ताक व्हायला आलं का, मी विचारलं.
तो हसला नाही. त्याचं लक्ष बोटात होतं.

आता टकटकते.
घाटात तिसऱ्या गियरवर टकटकते,
सिग्नलला उभी असली की जास्तच,
आणि मी काच खाली करून ऐकतो.

परवा यमकनमर्डीत मांडवात भोंगे बांधले,
माईक हातात घेतला,
आणि तोंडातून निघालं,
एक, तीन, चार, दोन.
पोरं खिदळली.
अक्षता निवडणारी एक म्हातारी
मान वर न करता शेजारणीला म्हणाली,
इवगा लेक्का बरूदिल्ल.
ह्याला मोजता येत नाही.
चारी भोंग्यांतून तेही गावभर ऐकू गेलं.